कुमारजींच्या गाण्याचा संग्रह कसा लावावा?

प्रश्न : कुमार गंधर्वांचे गाणे हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. कॅसेट, सीडी आणि स्नेह्यांकडून मिळालेल्या मैफली मिळून संगणकावर सुमारे नऊशे फाइल साठल्या आहेत. पण हवा तो राग हवा तेव्हा सापडत नाही. काय करावे?

उत्तर : प्रथम गायकाचे नाव सर्वत्र एकाच पद्धतीने लिहावे, कारण ‘पं. कुमार गंधर्व’ आणि ‘कुमारजी’ ही संगणकाच्या लेखी दोन निराळी माणसे असतात. फाइलच्या शीर्षकात राग आणि बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे शब्द, द्यावा. ताल, साथीदार, गाव आणि साल टिपणाच्या रकान्यात नोंदवावे. साल ठाऊक नसेल तर रकाना कोरा ठेवावा, अंदाजाने मुळीच भरू नये. क्षयाच्या आजारापूर्वीचे त्यांचे गाणे आणि मध्य प्रदेशातल्या देवासला त्या दुखण्यातून उठल्यावर, छोट्या पण धारदार स्वरवाक्यांतून उमललेले गाणे यांतला फरक कानांनी टिपणे हा मोठा आनंद आहे, आणि चुकीचे साल तो हिरावून घेते. लगनगंधार, मालवती, संजारी या त्यांच्या धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून घडवलेल्या, रागांची स्वतंत्र यादी जरूर करावी.

कॅसेटवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण फ्लॅक या, आवाजातला तपशील न गाळता साठवणाऱ्या, स्वरूपात ठेवावे. एमपी३मध्ये काही तपशील गळतो, आणि ती फाइल नंतर फ्लॅकमध्ये बदलल्याने गळालेला तपशील परत येत नाही. सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी असावी. एकाच रागातल्या विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) ख्यालांना लागोपाठचे क्रमांक द्यावेत, म्हणजे विलंबिताने भरलेले वातावरण न मोडता द्रुत सुरू होईल.