कॅपलिन किनाऱ्यावर का येतात?

प्रश्न : ताई, कॅनडातल्या एका किनाऱ्याचा व्हिडिओ पाहिला. हजारो चंदेरी मासे लाटेबरोबर खडीवर येऊन तडफडत होते आणि माणसं बादल्या भरत होती. हे मासे आत्महत्या करतात का? कुणी त्यांना परत पाण्यात का सोडत नाही?
— एक वाचक

उत्तर : मीही सोडले होते! कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये शिकत असताना सेंट जॉन्सजवळच्या मिडल कोव्हला मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि ओंजळी भरभरून मासे पाण्यात टाकत सुटले. शेजारी पाग फेकणाऱ्या एका आजींनी मला अडवलं नाही. फक्त एक खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. त्याला खसखशीएवढी तांबूस अंडी चिकटली होती.

हे कॅपलिन. वीतभरही लांब नसतात. एरवी थंड, खुल्या समुद्रात राहतात आणि जून-जुलैत अंडी घालायला खडीच्या किनाऱ्यावर येतात. तिथले लोक म्हणतात, 'कॅपलिन लोळायला लागले.' बहुतेकदा दोन नर एका मादीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात आणि लाटेवर स्वार होऊन तिघं वर येतात. त्या दिवसांत नरांच्या कुशीवर लांबट खवल्यांची लवदार पट्टी उठते. शास्त्रीय नावातल्या 'व्हिलोसस'चा अर्थच केसाळ. काही क्षणांत अंडी खडीत पडतात आणि पुढची लाट माशांना परत नेते. सगळ्यांना नाही. नर तर बहुतेक मरतातच. पण ती आत्महत्या नव्हे, अंग पिळवटून केलेलं बाळंतपण आहे.

मला खरं वेड लावलं ते पुढच्या भागानं. साधारण दोन आठवड्यांनी अंडी फुटून पिल्लं निघतात, तरी ती लगेच समुद्रात जात नाहीत, खडीतच थांबतात. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहू लागला की वरचं कोमट पाणी आत येतं आणि त्यात त्यांना खाणारे जीव कमी असतात. तेव्हा सगळी एकदम निघतात.

बादल्यांपेक्षा मला काळजी वाटते ती या माशांच्या घटलेल्या संख्येची. 1990-91 च्या सुमारास तिथले कॅपलिन एकाएकी कोसळले, आणि अजून पूर्वीइतके झालेले नाहीत. कॉड मासा, पफिन हा समुद्रपक्षी, हंपबॅक देवमासा, सगळ्यांचं पोट त्यांच्यावर.

तुम्ही कधी तिथं गेलात, तर मासे उचलून पाण्यात टाकायची घाई करू नका. भरतीच्या रेषेखालच्या ओल्या खडीवर मात्र पाय देऊ नका. अंडी तिथंच असतात.