मॉड फाइली कंपाइल होतात, इम्पोर्टला मात्र 'अनडिफाइन्ड सिंबॉल'? आधी पायथनपाथ बघा

कोऱ्या व्हेन्व्हमध्ये (पायथनचं वेगळं, स्वतंत्र वातावरण) पिपने न्यूरॉन (चेतापेशींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) टाकलं, मॉड फाइली (मॉडेलमधल्या आयन चॅनेल वगैरेंचं वर्णन) कंपाइल झाल्या, पण इम्पोर्ट करताच 'डीएलओपन फेल्ड' आणि खाली 'अनडिफाइन्ड सिंबॉल', म्हणजे लायब्ररीला हवं असलेलं नाव सापडत नाही. तीनदा काढून पुन्हा टाकलं तरी तेच. तुमचं हे वर्णन वाचताच दुखणं ओळखीचं वाटलं, माझेही बरेच दिवस यानेच खाल्लेत. जीसीसी, मेक वगैरे आहेत असं धरतो. नसते तर कंपाइलच झालं नसतं.

पुन्हा टाकणं आता बास. व्हेन्व्ह चालू असताना पायथनपाथ (पायथनने पॅकेजेस आणखी कुठे शोधायची त्या फोल्डरांची यादी) हा व्हेरिएबल इको करून बघा. रिकामा आला पाहिजे. त्यात जुन्या न्यूरॉनचं 'लिब/पायथन' दिसलं तर चोर सापडला.

होतं असं: कधीतरी सोर्समधून बिल्ड केलेलं असतं आणि बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना चालणारी सेटिंग फाइल) दोन एक्सपोर्ट ओळी उरतात, एक पाथची, एक पायथनपाथची. व्हेन्व्ह पाथमध्ये स्वतःची बिन पुढे लावतं, पायथनपाथला मात्र हात लावत नाही. आणि पायथन शोधताना पायथनपाथ आधी बघतो, साइट-पॅकेजेस (पिप जिथे पॅकेज टाकतो ते फोल्डर) नंतर. म्हणजे 'एनआरएनआयव्हीमॉडल' (मॉड फाइली कंपाइल करणारी कमांड) नवं चाललं आणि इम्पोर्ट झालं जुनं. त्यात ८.२ पर्यंत मॉड फाइलीचं सी व्हायचं, ९ पासून सी++ होतं. सिंबॉल जुळणार कुठून? हरवलेल्या नावाची सुरुवात अंडरस्कोर-झेडने असेल तर तो सी++चाच शिक्का.

पक्कं करायचं असेल तर पायथन 'मायनस कॅपिटल आय' देऊन चालवा, त्यात पायथनपाथ वगळला जातो. दोन्ही प्रकारे न्यूरॉनचा '__फाइल__' छापा. वेगळे पत्ते आले की प्रश्न मिटला. बॅशआरसीतली ती ओळ काढा, नवं टर्मिनल उघडा, मॉडेलच्या फोल्डरमधलं 'एक्स८६_६४' (कंपाइल झालेली लायब्ररी असलेलं फोल्डर) पूर्ण उडवा (हे विसरलात तर जुनीच लायब्ररी लोड होईल) आणि पुन्हा कंपाइल करा.

सामायिक सर्व्हरवर हीच ओळ 'मॉड्यूल लोड'ने चढवायच्या एखाद्या मॉड्यूलमध्ये लपलेली असते. सपोर्टला विचारलं की 'तुमच्या एन्व्हायर्नमेंटचा प्रश्न' म्हणून तिकीट बंद. एन्व्हायर्नमेंट बिघडवली कुणी, ते कोण विचारणार! असो.

जुनं प्रकाशित मॉडेल चालवायचं असेल तर माझ्या मते सरळ ८.२ वर राहा. ९ मध्ये व्हर्बेटिम ब्लॉकमधला (मॉड फाइलीत जसाच्या तसा घातलेला) जुना सी कोड बरेचदा अडकतो. तुमचं मॉडेल मी पाहिलेलं नाही, तेव्हा हे अंदाजानेच घ्या. पिपला 'न्यूरॉन<९' देताना अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर शेल '९' नावाची फाइल शोधत बसतं.

'युझर डिफाइन्ड नेम ऑलरेडी एक्झिस्ट्स' आलं तर घाबरू नका. चालू फोल्डरमधलं 'एक्स८६_६४' आपोआप लोड होतं, त्यावर तुम्ही 'लोड मेकॅनिझम्स' पुन्हा बोलावलेलं असतं. एक काढा.

आणि स्वतःच्या स्क्रिप्टचं नाव 'न्यूरॉन.पीवाय' ठेवलेलं नाही ना? हसू नका, सर्वात आधी तीच इम्पोर्ट होते.