लहानपण एका कट्टर पंथात गेलं, त्यातून बाहेर कसं यायचं?

तुम्ही लिहिलंय की जन्मापासून एका महाराजांच्या पंथात वाढलात, 19व्या वर्षी बाहेर पडलात, ते सगळं खोटं होतं हे पटलंय पण भीती काही जात नाही आणि लोक म्हणतात "सोडलंस ना, मग झालं की".

मी पण त्यातलीच. पंथाचं नाव घेत नाही, आई अजून तिथेच आहे. मी लहान असताना वडिलांनी जमीन विकून पैसे आश्रमाला दिले आणि आम्ही सगळे तिकडेच राहायला गेलो, पहाटे उपासना, दिवसभर सेवा (म्हणजे फुकटात शेतमजुरी, स्पष्टच बोलायचं तर), टीव्ही-पेपर बंद, आजोळ बंद कारण ते बाहेरचे. विंचू चावला तरी अंगाराच. विंचू, साप, कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे हे मला कॉलेजात कळलं, तोवर वाटायचं सगळीकडे असंच करतात.

एक गोष्ट आधी सांगते. यावरचे बहुतेक सल्ले मोठेपणी पंथात गेलेल्या लोकांसाठी असतात, म्हणजे आधी कसे होतात ते आठवा, जुने मित्र गाठा, जुने छंद सुरू करा वगैरे. आपल्याला आधीचं असं काही नाहीच ना, बोलायला-चालायला शिकलो तेच तिथे. त्यामुळे आत काही जुनं सापडत नाही म्हणून घाबरू नका. हॉस्टेलवर रूममेटने सहज विचारलं, तुला कुठला रंग आवडतो गं, तर मला दरदरून घाम फुटला, कारण वाटलं याचं एक बरोबर उत्तर असणार आणि ते मला माहीत नाही.

भीतीचं म्हणाल तर ती डोक्यात कमी आणि अंगात जास्त असते. 1993 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या वेकोला ब्रांच डेव्हिडियन पंथाला वेढा पडला होता, त्यातून 21 मुलं बाहेर आली. त्यांना तपासणाऱ्या डॉ. ब्रूस पेरींना दिसलं की मुलं नुसती बसलेली असली तरी नाडी शंभराच्या वर. हे वाचून मला खूप हलकं वाटलं, कारण तोवर मी स्वतःशीच वाद घालत बसायचे, वाद जिंकायचे आणि छाती तरी धडधडायचीच.

आमच्याकडे शिकवलेलं की महाराजांना मनातलं पण दिसतं, वाईट विचार आला की सभेत उभं राहून सगळ्यांसमोर कबूल करायचा. बाहेर आल्यावरही मी मनातल्या मनात जपूनच बोलायचे. काउन्सेलर म्हणाल्या, थोडं थोडं मुद्दाम करून बघ. मग एकदा एसटीत खिडकीशी बसून महाराजांना मनात एक कचकचीत शिवी हासडली आणि गाडी आता दरीत जाणार म्हणून पूर्ण घाटभर पुढचा दांडा घट्ट धरून बसले. गाडी स्टँडला लागली, कंडक्टर ओरडला "चला उतरा", बास. भीती लगेच गेली नाही, पण पुढच्या शिवीला घाम कमी आला.

हे एकट्याने करू नका, ट्रॉमाचं काम येणारा काउन्सेलर बघा. पैसे नसतील तर टेलि-मानस 14416, मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि काउन्सेलरच जर म्हणाला की आईवडिलांना माफ करून टाका, मन शांत होईल, तर सरळ दुसरा शोधा.

कागदपत्रं आधी गोळा करा, जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला. शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून देता येते. मला विचाराल तर मार्कशीटवर स्वतःचं नाव बघून जे बरं वाटलं ते कित्येक सेशन्समध्ये नाही वाटलं.

आईशी मी वाद घालत नाही. ती म्हणते महाराजांनी तुझ्यासाठी प्रसाद ठेवलाय, मी म्हणते बरं, गुडघा कसा आहे? पाऊस, भाव, गुडघा, एवढ्यावर आमचं छान चालतं. पण तुम्हाला कोणी वाळीत टाकत असेल, नातेवाईकांना भेटू देत नसेल तर त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016चा राज्याचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

आणि ठाम बोलणाऱ्या माणसांपासून जरा जपून, आपल्याला ती फार पटकन आवडतात. शेअर मार्केटवाले सर असोत नाहीतर नास्तिकांच्या ग्रुपचा पुढारी, चारचौघांत त्याला प्रश्न विचारणाऱ्याचं पुढे काय होतं ते आधी बघा.

देव मानायचा की नाही हे आत्ताच ठरवायला पाहिजे असं काही नाही. माझं अजून ठरलेलं नाहीये, आषाढीचा उपवास मात्र करते, खरं सांगायचं तर साबुदाण्याच्या खिचडीसाठी.