परवा काय लावले होते, ते आधी आठवा

आपला प्रश्न असा आहे की, चार दिवसांपासून एक नवीन क्रीम लावत आहात, काल चेहरा लाल होऊन डोळ्यांखाली सूज आली, पण क्रीम ‘पूर्णपणे नैसर्गिक’ असल्यामुळे त्याचा दोष असेल असे वाटत नाही; तर घरगुती उपाय कोणता करावा आणि किती दिवसांत बरे वाटेल.

दोष क्रीमचा असू शकतो. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचला म्हणूनच मी लिहायला बसले, कारण याच शब्दावरून माझा आणि माझ्या थोरल्या नणंदबाईंचा गेली सहा वर्षे वाद चालू आहे.

आम्ही इंदूरचे. नणंदबाई रामबागेत राहतात आणि केसांना लावायची काळी मेंदी आम्हा सगळ्या बायकांना त्याच आणून देत असत. हिरव्या पानांचे चित्र असलेले, ‘हर्बल’ असे ठळक अक्षरांत छापलेले ते पाकीट मी पाच वर्षे दर महिन्याला वापरले आणि मला कधी साधी खाजही आली नाही. त्या वर्षी रंगपंचमीच्या दोन दिवस आधी रात्री मी नेहमीप्रमाणे ती लावली. रंगपंचमीच्या दिवशी सकाळी कानांच्या मागे आणि भांगात खाज सुटली, तेव्हा केस नीट धुतले गेले नसतील असे समजून मी दुर्लक्ष केले. ही खाज सकाळची होती आणि गेर, म्हणजे रंगपंचमीला रंग उडवत निघणारी आमच्याकडची मिरवणूक, दुपारची, एवढे कृपया लक्षात ठेवावे, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. दुपारी राजवाड्याजवळ एका नातेवाइकांच्या गच्चीवरून आम्ही गेर पाहिली. टँकरमधून उडणारा रंग आमच्यापर्यंत पोहोचलाच नाही, गुलाल मात्र हवेतून येऊन सगळ्यांच्याच अंगावर थोडाफार बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला डोळे उघडता येईनात. पापण्या भिजवलेल्या वालासारख्या फुगल्या होत्या, कपाळावर केसांच्या कडेने लाल पट्टा उठला होता आणि कानांच्या पाळ्यांमधून पाणी झिरपत होते. नणंदबाईंनी दारातूनच निकाल दिला, ‘गुलालात हल्ली काय काय घालतात, मी सांगतच होते.’ मग त्यांनी हळद आणि चंदन दुधात कालवून माझ्या चेहऱ्यावर थापले. तो लेप वाळून ओढू लागला तशी जी आग झाली, ती मला आजही आठवते. संध्याकाळी शेजारच्या मुलाने औषधाच्या दुकानातून न विचारता मिळालेली एक ट्यूब आणून दिली. तीत स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतुनाशक अशी तिन्ही एकत्र होती. स्टेरॉइडची कितीतरी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने 2018 मध्ये केला आहे, पण आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तो बहुधा अजून पोहोचायचा आहे. ती ट्यूब मी लावली नाही, आणि त्या दिवसात शहाणपणाचे एवढे एकच काम माझ्या हातून घडले.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा की, गेल्या तीन दिवसांत केसांना काय लावले होते. मी गुलालाची कथा सांगू लागले, तेव्हा त्यांनी थांबवून समजावले की अशी अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही, साधारण एक ते तीन दिवसांनी उठते. आणि डोक्याला लावलेल्या वस्तूचा त्रास पुष्कळदा डोक्यावर कमी आणि पापण्यांवर जास्त दिसतो, कारण पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ असते. नखांना लावलेल्या पॉलिशनेसुद्धा पापण्या सुजतात, कारण हात दिवसभर डोळ्यांकडे जात असतो. ‘पाच वर्षे तर काही झाले नाही,’ असे मी म्हटल्यावर त्या हसल्या. शरीर एखाद्या रसायनाला कित्येक वर्षे सोसते आणि एक दिवस त्याला ओळखून उलटते. त्यानंतर मात्र दर वेळी उलटते.

त्यांनी पाकीट मागितले आणि तिथे इंदूरची स्वच्छता आडवी आली. आमच्याकडे ओला आणि सुका कचरा वेगळा करून सकाळच्या गाडीत टाकण्याची शिस्त इतकी अंगवळणी पडली आहे की ते पाकीट केव्हाच सुक्या कचऱ्यातून रवाना झाले होते. यजमानांनी त्याच दुकानातून तेच पाकीट पुन्हा विकत आणले आणि भिंगाखाली धरून मागची बाजू वाचली. मेंदी, आवळा, भृंगराज, ब्राह्मी यांच्या पाठोपाठ, चिकटवलेल्या कडेच्या अगदी जवळ, पॅरा-फेनिलीनडायअमाइन हे नाव होते. केस काळे करणारे आणि पुष्कळांना अ‍ॅलर्जी देणारे रसायन ते हेच. त्याखाली, आधी त्वचेवर चाचणी घ्यावी आणि भुवया-पापण्यांना लावू नये, दृष्टी जाऊ शकते, अशी सूचनाही होती. ती तशी छापणे कायद्याने बंधनकारक आहे, मात्र ती वाचण्याचे बंधन कोणावर नाही आणि पाच वर्षांत मी ती एकदाही वाचली नव्हती.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. त्याने केस तांबूस-केशरी होतात, आणि तेही काही तासांनी. तासाभरात केस कोळशासारखे काळे करण्याची ताकद त्या पानात नाही. अमोनिया नसलेल्या रंगातही हेच रसायन असू शकते, तेव्हा ‘अमोनिया नाही’ या वाक्यालाही भुलू नये. हे सगळे मी नणंदबाईंना पाकीट समोर ठेवून सांगितले. त्यावर त्यांचे उत्तर असे होते, ‘मग मला कसं काही होत नाही?’ प्रत्येकाचे शरीर उलटतेच असे नाही, हे त्यांना तेव्हाही पटले नाही, म्हणून पुढे मी पॅच टेस्ट करून घेतली. पाठीवर लहान-लहान अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्यांतून वेगवेगळे पदार्थ चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजू द्यायची नसते, मग पट्ट्या काढून दोनदा तपासतात. माझ्या पाठीवर बाकी सगळे चौकोन कोरे राहिले आणि एकाच जागी, त्या रसायनाच्या, बारीक फोडांचा लाल ठिपका उठला. त्या ठिपक्याचा फोटो मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता. नणंदबाईंनी त्यावर हात जोडल्याची खूण पाठवली, तिचा अर्थ मला अद्याप कळलेला नाही.

आता आपले. क्रीम आजच थांबवावे, आणि त्याबरोबर फेसवॉश, सीरम, अत्तर, मेकअप हेही सगळे थांबवावे. साध्या पाण्याने चेहरा धुवावा, थंड पाण्यात पिळलेले सुती फडके दहा-दहा मिनिटे ठेवावे आणि फार ओढ वाटली तर वास नसलेले साधे पेट्रोलियम जेली लावावे. हळद, लिंबू, बेसन, कडुलिंब यांपैकी काहीही लावू नये. सोललेल्या कातडीला ही मंडळी परकीच असतात. क्रीमची डबी आणि खोका दोन्ही जपून ठेवून डॉक्टरांना दाखवावेत. घटकांच्या यादीत नुसते ‘परफ्यूम’ लिहिलेले असेल तर त्या एका शब्दामागे डझनावारी पदार्थ असू शकतात, आणि ते झाडापासून काढलेले असले तरी अ‍ॅलर्जी देतात. पुढे कोणतेही नवे क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर आठवडाभर दिवसातून दोनदा लावून पाहावे. मात्र ज्याच्यामुळे एकदा सूज आली आहे, ते घरी पुन्हा लावून खात्री करत बसू नये.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ओठ किंवा जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा झाला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर हे उत्तर वाचत न बसता तडक दवाखाना गाठावा. आणि मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावून केस गडद करण्याची पद्धत खरोखरच आहे, त्यामुळे प्रत्येक काळी मेंदी खोटी असते असे मी म्हणत नाही. नणंदबाईंचे पाकीट मात्र त्यांतले नव्हते.

दिवसांचे म्हणाल तर, गोळ्या घेऊनही माझी सूज उतरायला पाच दिवस लागले, साल निघून कातडी मऊ व्हायला आणखी दहा दिवस गेले आणि कपाळावरचा काळसर पट्टा पूर्ण जाईपर्यंत आंबे बाजारात आले होते. आपला त्रास क्रीमच्या नुसत्या जळजळीचा असेल तर क्रीम थांबवल्यावर पुष्कळ लवकर उतरेल. दोन दिवसांत उतार दिसला नाही, किंवा सुजेने पापण्या मिटू लागल्या, तर डबी घेऊन डॉक्टरांकडे जावे.