पत्राचा मायना आणि मोठी अक्षरं

ऑफिसातला पत्रव्यवहार आता तुझ्याकडे येणार, म्हणून आधीच सांगते. इंग्रजी पत्र 'डियर सर'ने सुरू केलंस तर शेवटी 'युअर्स फेथफुली'. 'डियर मिस्टर नाईक' असं नावानिशी लिहिलंस तर 'युअर्स सिन्सियरली'. 'डियर' आणि 'सर' दोन्हींचं पहिलं अक्षर कॅपिटल. शेवटी मात्र 'युअर्स'चा वाय तेवढा मोठा, पुढचा शब्द स्मॉलमध्ये. चुका बहुतेक इथेच होतात.

गोव्यात खरी कसोटी आडनावांची. एक डिसोझा डीनंतर अपॉस्ट्रॉफी देऊन एस मोठा काढतो, दुसरा 'डी' आणि 'सोझा' सुटे लिहितो. 'दा कोस्ता'तला डी कुणाचा छोटा, कुणाचा मोठा. नियम शोधत बसू नकोस. व्हिजिटिंग कार्डावर किंवा सहीखाली असेल तसंच उतरव. आपलं नाव चुकलेलं पत्र कुणालाच आवडत नाही. बाईंचं लग्न झालंय का, ही चौकशी नको, सरळ 'मिझ' (Ms) लिही. आणि अख्खा विषय कॅपिटलमध्ये नको, अंगावर ओरडल्यासारखं वाटतं. जीएसटी, पॅन एवढंच तसं ठेव.

मराठीत कॅपिटलची कटकट नाही. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणीसोबत मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, त्यामुळे सरकारी खात्याला बिनधास्त मराठीतून लिही. तिथे 'महोदय' किंवा 'महोदया', शेवटी 'आपली विश्वासू'. 'स.न.वि.वि.' मला फार आवडतं, पण ते जुन्या ओळखीच्या गिऱ्हाइकांपुरतंच राहू दे.