एपी केमिस्ट्री: कारण लिहायला शिक

अगं, एपी केमिस्ट्रीसाठी (अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाची, शाळेत असतानाच द्यायची कॉलेज पातळीची परीक्षा) आवर्तसारणी पाठ करत बसू नकोस. ती आणि सूत्रांचा कागद परीक्षेत मिळतोच. खरी कसोटी उत्तरं लिहायच्या 7 प्रश्नांत: 105 मिनिटं, निम्मे गुण. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला इतकी ऊर्जा का लागते? ‘अष्टक मोडतं म्हणून’ एवढ्यावर भागत नाही. तो आतल्या कवचातला, केंद्रकाला जवळचा, म्हणून आकर्षण जास्त, असं कूलॉम्बच्या नियमाने मांड. रासायनिक समतोलाच्या प्रश्नातही ले शाटेलिएच्या तत्त्वाचं (समतोल बिघडवला की अभिक्रिया तो बदल कमी करायच्या दिशेने सरकते) नाव घेऊन थांबू नकोस, क्यू (त्या क्षणीचं अभिक्रिया-गुणोत्तर) आणि के (समतोल स्थिरांक) यांची तुलना लिही. बहुपर्यायी 60 प्रश्नांत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही कोरा नको. कॉलेज बोर्डाच्या साइटवर जुने लेखी प्रश्न गुणांकनासकट आहेत. जाडजूड गाइडांच्या आधी ते सोडव, आणि स्वतःला गुण देताना हात आखडताच ठेव.