गाडीचे ब्रेक पॅड बदलले, अलाइनमेंट केली, तरी पुढच्या चाकाची घरघर जात नाही. काय असेल?

तुम्ही लिहिलंय की ताशी 50 किमीच्या पुढे गेलं की पुढून घरघर सुरू होते आणि वेगाबरोबर वाढत जाते. ब्रेक दाबल्यावरही ती बदलत नाही. यावरून माझा पहिला संशय व्हील बेअरिंगवर (ज्याच्यावर चाक फिरतं तो भाग) आहे. पण पार्ट मागवण्याआधी टायर तपासा, कारण वेडावाकडा झिजलेला टायर हुबेहूब असाच आवाज करतो. टायरवरून तळहात पुढे-मागे फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखं लागलं, तर त्याच बाजूचे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून बघा. आवाज मागे सरकला तर दोष टायरचा.

तसं झालं नाही, तर मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात लांब वळण घ्या. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर बहुधा डावं बेअरिंग, डावीकडे वळताना वाढली तर उजवं.

नुसत्या कानावर मात्र विसंबू नका. माझ्या गाडीत आवाज डावीकडूनच येतोय अशी माझी खात्री होती, म्हणून डावं बेअरिंग बदलून घेतलं. परत येताना घरघर तशीच! मग गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर हे करू नका), गिअर न्यूट्रल केला, एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर टेकवली. डावीकडे काहीच नाही. उजवीकडे मात्र बारीक वाळू भरडली जावी तशी थरथर थेट बोटांना लागली. उजवं बदललं आणि आवाज गेला.

मेकॅनिक चाक वर-खाली धरून हलवतात आणि ‘प्ले (ढिलेपणा) नाही, बेअरिंग ठीक आहे’ म्हणून सोडून देतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. बेअरिंग आवाज करायला लागलं तरी बराच काळ प्ले येत नाही. चाक फिरवून स्प्रिंगला हात लावायला सांगा.

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट येत असेल तर ते वेगळं दुखणं, तिथे सीव्ही जॉइंटचं (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या सांध्याचं) रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटलंय का बघावं लागतं. तुमचं तसं दिसत नाही. पण घरघरीबरोबर चाकाला प्लेही जाणवू लागला, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.